सोळा आण्यांचा गल्ला

जुन्या वस्तूची किंमत विचारायला येणाऱ्या माणसाच्या मनात बहुतेक वेळा दोन आकडे आधीच असतात. एक मोबाइलवर दिसलेला. अमेरिकेतल्या कोण्या विक्रेत्यानं आपल्या पितळी कॅश रजिस्टरखाली (म्हणजे दुकानातल्या विक्रीची नोंद करणाऱ्या, गल्ल्याच्या यंत्राखाली) डॉलरमध्ये लिहिलेला, आणि घरातल्या कोणीतरी त्याचे रुपये करून सगळ्यांना वाचून दाखवलेला. दुसरा नागपूरच्या इतवारीतल्या भंगारवाल्यानं वजनावर सांगितलेला. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. फक्त समोरच्या वस्तूशी त्यांचा फारसा संबंध नसतो.

मी विम्याच्या दाव्यांचं सर्वेक्षण करते. कळमन्यात मिरचीचं गोदाम जळालं, हिंगण्याला कारखान्यात पाणी शिरलं, की जाऊन पाहायचं आणि नुकसान किती ते लिहायचं, हे माझं काम. या कामात किंमत कधी एकटी येत नाही. बाजारात आज काय मिळेल ती एक. तीच वस्तू नव्यानं आणायची तर काय लागेल ती दुसरी. वापराचा घसारा वजा केल्यावर उरते ती तिसरी. आणि सगळं संपल्यावर भंगारात जे सुटतं ती चौथी. शंभर वर्षांपूर्वीचं कॅश रजिस्टर समोर ठेवलं की या चारही रीती अपुऱ्या पडतात, आणि म्हणूनच मला हे काम मनापासून आवडतं. गेल्या काही वर्षांत ओळखीपाळखीतून अशी यंत्रं माझ्याकडे येत गेली. त्यातलं एक सदर भागातलं. त्याच्याबद्दल सविस्तर लिहायचं आहे.

सदरला एक जनरल मर्चंटचं दुकान होतं, तीन पिढ्यांचं. ते बंद झालं, जागेचा सौदा झाला, भावाभावांची वाटणीही कुरकुर न होता पार पडली. उरलं ते काउंटरवरचं यंत्र. थोरल्यांना ते विकायचं होतं, धाकट्यांना ठेवायचं होतं. जो ठेवेल त्यानं दुसऱ्याला अर्धे पैसे द्यायचे, इथपर्यंत एकमत होतं. अर्धे कशाचे, तेवढंच ठरत नव्हतं. धाकट्यांची बायको माझी कॉलेजातली मैत्रीण, म्हणून मला बोलावणं आलं.

मी पोचले तेव्हा भंगारवाला येऊन बसलेला होता. प्रामाणिक माणूस. मला म्हणाला, “ताई, वरून पितळ दिसते, पण आतून सारं लोखंड हाये. वजनावर नका जाऊ तुम्ही.” त्याचं बरोबर होतं. ही यंत्रं दोन माणसांनी उचलताना धाप लागेल इतकी जड असतात, पण तो भार आतल्या दांड्या, चाकं, स्प्रिंगा आणि सांगाड्याचा. वेलबुट्टी असलेलं पितळ म्हणजे बाहेरचं कवच. पितळेच्या भावानं सगळ्या वजनाला गुणून जो आकडा घरात फिरत होता, तो तिथल्या तिथे गळून पडला. भंगाराची किंमत काढायची तर पितळ वेगळं, लोखंड वेगळं, आणि फोडायची मजुरी वजा. हाती येतं ते एखाद्या बऱ्या मोबाइलच्या किमतीपेक्षा कमीच.

आता दुसरा आकडा, मोबाइलवरचा. तिथे आधी एक गोष्ट पाहायची असते: लिहिलेली किंमत मागितलेली आहे की पटलेली? विक्रेता काहीही मागू शकतो, आणि ती जाहिरात वर्षानुवर्षं तशीच लटकत राहते. लिलाव संपल्यावर माल किती रुपयांना सुटला, तोच आकडा कामाचा. सदरचं यंत्र ‘नॅशनल’ या अमेरिकी कंपनीचं. अमेरिकेत या कंपनीची साधी पितळी यंत्रं आजही काहीशे डॉलरला मिळतात, पूर्ण उघडून, साफ करून, चालती केलेली हजार-दोन हजारांच्या पुढे जातात, आणि खरोखर दुर्मिळ असलेली त्याच्या कितीतरी वर. भारतात घरबसल्या हे वाचणाऱ्याला वाटतं की जुनं आहे म्हणजे दुर्मिळ आहे. पण नॅशनलनं १९११ पर्यंत १० लाख यंत्रं विकली होती. शंभर वर्षं वय झालं म्हणून त्यांतल्या एकाचा भाव वाढत नाही.

हे यंत्र जन्माला कशासाठी आलं, हे कळल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे जेम्स रिटी नावाचा माणूस दारूचा गुत्ता चालवायचा. धंदा चांगला होता, पण पैसा राहत नव्हता, कारण नोकर गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊन सरळ खिशात टाकत. १८७८ मध्ये तो बोटीनं युरोपला निघाला असताना इंजिनघरात त्यानं एक यंत्र पाहिलं. बोटीचा पंखा किती फेरे फिरला ते मोजणारं. फेरे मोजता येतात तर पैसे का नाहीत, असं त्याच्या मनात आलं आणि १८७९ मध्ये त्यानं भावाबरोबर पेटंट घेतलं. पहिल्या यंत्राला घड्याळासारखी तबकडी होती, पैसे ठेवायचा खणही नव्हता. पुढे हा धंदा त्यानं विकून टाकला. हात बदलत बदलत तो १८८४ मध्ये जॉन पॅटरसन यांच्याकडे आला आणि त्यांनी कंपनीचं नाव नॅशनल कॅश रजिस्टर ठेवलं. नागपुरातल्या जुन्या यंत्रांवरही वेलबुट्टीत गुंफलेलं हे ‘नॅशनल’ मी वाचलेलं आहे. घंटी, गिऱ्हाइकाला दिसेल अशी वर उडी मारणारी आकड्यांची पाटी, विक्री नोंदल्याशिवाय न उघडणारा खण: सगळी योजना एकाच गोष्टीसाठी. मालक समोर नसताना पैसा मालकाचाच राहावा.

आपल्याकडे मात्र मालक समोर असायचाच. इतवारीत, किराणा ओळीत, महालात गल्ल्यावर स्वतः शेठ बसे, नाहीतर मुलगा, नाहीतर दोन पिढ्यांचा मुनीम. नोकर माल मोजून देई, पैशाला हात लावत नसे. सकाळची बोहणी कपाळाला लावून लाकडी पेटीत पडे, रात्री रोकड मोजली जाई, खतावणी लिहिली जाई. अशा दुकानात एवढं महागडं यंत्र कोण कशाला घेईल? म्हणून ते फार थोड्या ठिकाणी आलं. छावणीतल्या आणि सिव्हिल लाइन्सच्या आसपासच्या मोठ्या दुकानांत, जिथे गोरं गिऱ्हाईक यायचं, जिथे चार-पाच नोकर एका वेळी माल विकायचे. सदर हा नागपूरचा तोच भाग, आणि कामठीची छावणी तर १८२१ पासूनची. आमच्या या कुटुंबाच्या आजोबांनी हे यंत्र कामठीतलं एक दुकान मोडलं तेव्हा जुनंच विकत घेतलं होतं, असं आत्या सांगतात. आत्या म्हणजे दोघा भावांची आत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे, कारण या मूल्यांकनात सर्वांत महत्त्वाचा कागद त्याच आहेत.

यंत्र मी दिवसाच्या उजेडात पाहायला घेतलं. आधी नंबर. नॅशनलच्या पितळी यंत्रावर समोरच्या अंगाला एक छोटी पट्टी असते. तिच्यावर अनुक्रमांक आणि त्याच्या शेजारी मॉडेलचा आकडा. संग्राहकांनी हे अनुक्रमांक वर्षांशी जुळवून याद्या केलेल्या आहेत, त्यामुळे बहुतेक यंत्रांचं साल बऱ्यापैकी लागतं. पट्टीत मळ भरला होता. ओल्या फडक्यानं नाही, कोरड्या मऊ ब्रशनं तो काढला, बाजूनं टॉर्च धरला, तेव्हा आकडे उठून आले. साल पहिल्या महायुद्धाच्या थोडं आधीचं निघालं. तेही साहजिकच. त्या युद्धात पितळ दारूगोळ्याकडे वळलं आणि १९१६ च्या सुमारास पितळी कवचाचा जमाना संपत गेला. त्यानंतरची यंत्रं रंगवलेल्या पत्र्याची. म्हणजे पितळी कवच दिसलं की साधारण कुठल्या काळातलं ते नंबर न वाचताही कळतं, आणि नंबर वाचल्यावर खात्री होते.

मग कळा. आणि इथेच मी खुर्ची ओढून बसले.

कळांवर डॉलर-सेंट नव्हते. पौंड-शिलिंगही नव्हते. रुपये, आणे आणि पै होत्या. आण्यांच्या कळा एकपासून पंधरापर्यंत. पैच्या तीन: ३, ६, ९. आजच्या मुलांना हे गणित सांगावं लागतं. १२ पै म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे १ रुपया, आणि ३ पैंचा १ पैसा, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. कळेच्या डोक्यावर छोटी गोल चकती, तिच्यावर आकडा. या चकत्या फार बोलतात. पंधरा आण्यांची कळ जवळजवळ नवी कोरी होती. दोन आण्यांची आणि चार आण्यांची, म्हणजे चवलीची आणि पावलीची, इतकी झिजली होती की आकडा बोटानंच वाचावा. पंधरा आण्यांना गिऱ्हाइकाला काय विकलं जाणार? दुकानदार भाव नेहमी नाण्यात बसेल असा लावतो, आणि त्या सवयीचा पुरावा पितळावर उरला होता. मूल्यांकन करणाऱ्याला ही असमान झीज हवीशी असते. सगळ्या कळा सारख्याच चकचकीत असल्या तर चकत्या नव्या बसवल्या की काय, ही शंका आधी घ्यायची.

भारतासाठी बनलेलं, रुपये-आण्यांचं नॅशनल. अमेरिकेतल्या १० लाखांच्या गर्दीत याला जागा नाही. याची बिरादरी वेगळी आणि फार लहान. लहान होतीच, ती आणखी लहान झाली १ एप्रिल १९५७ ला. त्या दिवशी आपल्याकडे दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नये पैसे झाले. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५०, इथपर्यंत ठीक. पण एका आण्याचे सव्वासहा. जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालत राहिली, दुकानादुकानांत कोष्टकं टांगली गेली, पण या यंत्राला कोष्टक शिकवता येत नव्हतं. ज्याच्या कळा पंधरावर संपतात त्याला शंभरपर्यंत मोजायला कसं लावणार? शाईनं कागद बदलावा तसं पोलादी चाक बदलत नाही. एका सरकारी निर्णयानं देशभरातली अशी सगळी यंत्रं एकदम बेकार झाली. काही फुटली, काही वितळली, काहींच्या कळांवर कोणी नये पैसे चिकटवून पाहिले. जी तशीच राहिली ती थोडी.

म्हणून मी भावांना सांगितलं ते असं: ज्या कारणानं हे यंत्र १९५७ मध्ये टाकाऊ ठरलं, त्याच कारणानं आज याला मोल आहे. थोरले म्हणाले, “म्हणजे बंद पडलं म्हणून महाग?” तसं नाही. बदललं नाही म्हणून महाग.

आत पाहायचं होतं. जिल्हा कोर्टाजवळ टाइपरायटर दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली असे एक काका आहेत. अशा यंत्रांसाठी मी त्यांनाच घेऊन जाते. त्यांचा एक नियम आहे, आणि तो प्रत्येक घरानं पाळावा असं मला वाटतं: अडकलेली कळ जोर लावून दाबायची नाही. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. साठ-साठ उन्हाळे पाहिलेलं तेल आत राळेसारखं घट्ट झालेलं असतं आणि खणाचं लाकूड तडकलेलं. उत्साहानं कोणी ठोसा मारला की आतला एखादा दात तुटतो, आणि तो दात आज कुठेच मिळत नाही. काकांनी मागचं झाकण उतरवलं, एकेका सांध्यावर पातळ तेलाचा थेंब सोडला आणि चहा मागवला. “आता त्याले वेळ द्या,” म्हणाले.

वरचं छोटं झाकण मात्र कुलूपबंद होतं. त्याखाली मोजणीची चाकं असतात. नॅशनलच्या यंत्रांत ढोबळमानानं दोन तऱ्हा: एकीत दिवसाची विक्री यंत्र स्वतः बेरीज करून दाखवतं; दुसरी जुनी आणि स्वस्त, तिच्यात प्रत्येक कळ किती वेळा दाबली गेली एवढंच वेगवेगळं मोजलं जातं आणि गुणाकार-बेरीज मालकानं रात्री करायची. आमचं यंत्र दुसऱ्या तऱ्हेचं. भाऊ म्हणाले, किल्ली कधीच हरवली. तेवढ्यात आत्यांनी कमरेचा जुडगा काढला. त्यात कपाटाच्या, देवघराच्या, पेटीच्या किल्ल्यांबरोबर एक चपटी पितळी किल्ली होती. इतकी वर्षं ती त्यांच्याजवळ होती आणि कोणी विचारलं नव्हतं.

झाकण उघडलं. चाकांवर आकडे तसेच होते. दोन आण्यांच्या चाकावर मोठा, चार आण्यांच्या चाकावर त्याहून मोठा, पंधरा आण्यांच्या चाकावर शून्य. आत्या वाकून पाहत होत्या. “बाबा रात्री हे आकडे वहीत लिहून घ्यायचे न, मी कंदील धरून उभी राहायची. मग ते किल्लीनं सारे शून्यावर आणायचे. शेवटी शेवटी नाही आणले त्यांनी. म्हणाले, राहू दे.” त्या दुकानातल्या आण्यांच्या शेवटच्या दिवसांची विक्री तिथे उभी होती. मी काकांना आणि भावांना हात जोडून सांगितलं की तेल-पाणी काय करायचं ते करा, ही चाकं फिरवू नका. त्यांचे फोटो घेतले, प्रत्येक चाकाचा आकडा लिहून घेतला, आणि आत्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून खाली त्यांची सही घेतली. वस्तू कुठून आली, कोणाकडे होती, कधी थांबली, याचा असा लेखी माग असला की संग्राहक त्याला वेगळे पैसे मोजतो. कंपनीचं मूळ बिल असतं तर सोन्याहून पिवळं, पण ते नव्हतं. १९४० च्या दशकातला दुकानाचा एक फोटो निघाला, त्यात काउंटरवर हेच यंत्र दिसतं. तोही जोडला.

उणिवा लपवून चालत नाही. यंत्राच्या डोक्यावर जी नक्षीची पाटी असते, ‘अमाउंट पर्चेस्ड’ लिहिलेली, ती नव्हती. बहुतेक यंत्रांची ती गेलेली असते, कारण दोन स्क्रूंवर बसते आणि हलवाहलवीत पहिली निघते. तिच्या नव्या नकला बाहेर मिळतात. नक्कल लावायला हरकत नाही, पण ती नक्कल आहे हे लिहून ठेवावं. आकड्यांच्या खिडकीची एका बाजूची काच साधी, म्हणजे नंतर बसवलेली. खणाच्या वरची संगमरवरी पट्टी मात्र अस्सल आणि अभंग. त्या पट्टीवर नाणं टाकलं की आवाजावरून खरं-खोटं कळावं, असं तिचं काम सांगतात. चांदीचा रुपया दगडावर वाजवून घ्यायची सवय आपल्या सराफ ओळीलाही होतीच, त्यामुळे दुकानात कोणाला ती पट्टी परकी वाटली नसणार. खणाचा तळ मूळचाच होता. नाण्यांच्या वाटींचं लाकूड बोटांनी घासून गुळगुळीत झालेलं.

आणि मग कुंकू.

वेलबुट्टीच्या खोबणीत, समोरच्या नक्षीभर, लाल-काळपट थर बसलेला होता. यंत्र बंद पडल्यावरही आजोबांनी ते काउंटरवरून हलवलं नाही. रोजचे पैसे शेजारच्या लाकडी गल्ल्यात पडू लागले, पण लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर हळदकुंकू दोघांनाही, यंत्रालाही आणि पेटीलाही. आजोबा गेले, मुलांनी तेच चालू ठेवलं. साठाहून अधिक दिवाळ्यांचं कुंकू त्या पितळात मुरलेलं. थोरल्यांनी आदल्या दिवशी एक कोपरा चिंचेनं घासून पाहिला होता. तो भांड्यासारखा झळकत होता, आणि बाकीचं यंत्र त्याच्या शेजारी मळकट दिसत होतं. “सगळं असं लखलखीत केलं तर दुप्पट येतील न?” त्यांनी विचारलं.

इथे संग्राहकांतही दोन मतं आहेत आणि दोन्ही मानाची आहेत. जुन्या लाकडी फर्निचरची मूळ झळाळी घासून काढली तर किंमत पडते, हे सगळे मानतात. कॅश रजिस्टरच्या बाबतीत अमेरिकेतला बराच बाजार उजळलेलं यंत्र पसंत करतो, कारण दुकानात ते मुळात उजळ आणि दिमाखदारच असायचं. पण उजळणं म्हणजे जाणकारानं प्रत्येक भाग सुटा करून, नक्षीची धार न मारता केलेलं काम. चाकावर घासलं की वेलबुट्टीच्या कडा बोथट होतात, त्या परत आणता येत नाहीत. चिंच-मिठाचं पाणी आत उतरलं की पोलाद गंजतं. काही यंत्रांवर तर कारखान्यातच निकेलचा किंवा गडद तांबूस मुलामा दिलेला असतो, तो घासून खालचं पितळ काढणारे महाभाग मी पाहिले आहेत. पैसे खर्चून त्यांनी किंमत घालवली.

माझं मत त्या कोपऱ्याशी उभं राहून पक्कं झालं. हे यंत्र डेटनच्या कारखान्यातून निघालं तेव्हा कसं दिसत होतं, ते दाखवणारी हजारो यंत्रं जगात आहेत. नागपूरच्या सदरमधल्या काउंटरवर, आणे गेल्यानंतरही, दर दिवाळीला ज्याची पूजा झाली असं यंत्र मी हे एकच पाहिलं. तो लाल थर काढला तर आपण एक दुर्मिळ वस्तू घेऊन तिचं एक साधारण वस्तूत रूपांतर करू, आणि त्यासाठी मजुरीही देऊ. धूळ काढा, गंज थांबवा, कुंकवाला हात लावू नका, असं मी अहवालात लिहिलं. थोरल्यांना ते पटायला वेळ लागला. आत्यांना लागला नाही.

विकायचं कुठे, हा प्रश्न उरतो, आणि तो भल्याभल्यांना गोत्यात आणतो. बाहेरच्या देशात जास्त पैसे मिळतील म्हणून बाहेर पाठवू, असं सहज बोललं जातं. आपल्याकडे १९७२ चा पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या, त्या काळातल्या विज्ञान-कला-कारागिरीची साक्ष देणाऱ्या वस्तू त्याच्या व्याख्येत येतात, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पितळी कवचाचं जवळजवळ प्रत्येक यंत्र आता शंभरी ओलांडून बसलेलं आहे. पुरातत्त्व खात्याकडून ती पुराणवस्तू नाही असा दाखला मिळाला तर गोष्ट वेगळी, पण तो गृहीत धरून भाव लावणं चूक. त्यामुळे डॉलरमधला आकडा, पटलेला असला तरी, इथल्या यंत्राला तसाच लागू होत नाही. इथला बाजार म्हणजे मुंबई-पुण्याचे, दिल्लीचे, दक्षिणेतले थोडे संग्राहक, जुन्या धाटणीची सजावट हवी असणारी हॉटेलं, आणि क्वचित एखादं संग्रहालय. हॉटेलवाल्याला चकचकीत पितळ हवं असतं, आतलं यंत्र चालतं की नाही त्याला घेणं नसतं. त्याचा भाव लवकर मिळतो पण कमी. संग्राहक वेळ घेतो, शंभर प्रश्न विचारतो, चाकांचे फोटो मागतो, आणि जास्त देतो. दोघांना एकाच यादीत धरून सरासरी काढू नये.

मी दोन आकडे लिहून दिले. वाटणीसाठी एक: इथे, याच देशात, समजून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला, घाई न करता विकलं तर जे येईल ते, सव्वा ते पावणेदोन लाखांच्या दरम्यान. हॉटेलवाल्याच्या भावापेक्षा हा बराच वर आहे, आणि त्या फरकाचं कारण प्रत्येक मुद्द्यासमोर लिहिलं: रुपये-आण्यांच्या कळा, न बदललेली यंत्रणा, मूळ किल्ली, फोटो, आत्यांची सही, अस्सल संगमरवर. वजाबाजूला वरची पाटी, एक काच आणि चिंचेनं घासलेला कोपरा. थोरल्यांनी तो शेवटचा मुद्दा दोनदा वाचला आणि काही बोलले नाहीत.

दुसरा आकडा विम्यासाठी, आणि तो मी पहिल्यापेक्षा वर ठेवला. कारण विम्यात प्रश्न विकून काय येईल हा नसतो, गेलं तर काय, हा असतो, आणि हे यंत्र गेलं तर तसं दुसरं आणणं पैशानं होणार नाही. आगीच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत दुर्मिळ वस्तू आणि कलाकृती १०,००० रुपयांच्या पुढे धरल्याच जात नसत, त्यांची वेगळी नोंद केल्याशिवाय. लोकांना हे दावा करताना कळतं. घरच्या विम्यात सगळं येतं असं समजून बसलेली माणसं राखेपुढे उभी असलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांना नियम वाचून दाखवणं हे माझ्या कामातलं सर्वांत वाईट काम आहे. म्हणून वस्तूचं नाव, नंबर, फोटो आणि आधी ठरवून घेतलेली रक्कम पॉलिसीत लिहून घ्या. धाकट्यांनी तसं घेतलं. थोरल्यांना अर्धे पैसे दोन हप्त्यांत मिळाले, आणि यंत्र आता धाकट्यांच्या दिवाणखान्यात, पश्चिमेच्या उन्हापासून दूर, ओल न येणाऱ्या भिंतीला लागून आहे. काकांच्या तेलानं आठवड्याभरात कळा सुटल्या. चार आण्यांची दाबली की खिडकीत पाटी वर येते आणि घंटी वाजते. मोजणीची चाकं फिरू नयेत म्हणून रोज दाबायची मनाई आहे.

विदर्भात अशी आणखी यंत्रं नक्की असतील. कामठीत, अमरावतीच्या जुन्या दुकानांत, अकोल्याच्या कापूसवाल्यांच्या पेढ्यांत, कुठेतरी पोटमाळ्यावर गोणपाटाखाली. तुमच्याकडे असेल तर घासायच्या आधी, कळ दाबायच्या आधी, भंगारवाल्याला बोलावायच्या आधी तीन गोष्टी करा. समोरच्या पट्टीवरचा नंबर लिहून घ्या. कळांवर सेंट आहेत, शिलिंग आहेत की आणे, ते पाहा. आणि घरात ज्यांनी ते यंत्र वाजताना ऐकलं आहे त्यांना बसवून सगळं विचारा, लिहून घ्या, सही घ्या. पहिल्या दोन गोष्टी पुढच्या वर्षीही करता येतील. तिसरी याच आठवड्यात करा.